रस्ता सर्वांचा : मिरवणूक, सभा आणि परवानगी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



ज्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि तंजावरचे मराठे असे रसाळ विषय योजलेले आहेत, तीत ‘मिरवणुकीची परवानगी’ हा रुक्ष विषय आमच्या वाट्याला यावा, याचे आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटले असेल. केंद्र सरकारच्या कचेरीत ज्याची हयात गेली त्याला याहून दुसरे काय सुचणार, असेही कोणी मनात म्हटले असेल. परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आपल्या कार्यकारिणीनेच आमच्यापुढे टाकला. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी गुढीपाडव्याला लेझीम-ढोलताशांसह शोभायात्रा काढावी, की नेहमीप्रमाणे सभागृहातच कार्यक्रम उरकावा, या प्रश्नावर मंडळात दोन पक्ष पडले आहेत, हे आता गुपित राहिलेले नाही.

एक पक्ष म्हणतो, परमुलुखात राहतो आहोत, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? आपले सभागृह बरे आणि आपण बरे. दुसरा पक्ष म्हणतो, पन्नास वर्षे या शहरात राहिलो, कर भरले, रस्ता जितका इतरांचा तितकाच आमचा. मग परवानगी कसली मागायची? दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत, आणि दोघांचाही थोडा थोडा रोष पत्करून आम्ही आज बोलावयास उभे आहोत. आमचे म्हणणे असे की परवानगी अवश्य मागावी. ती ताठ मानेने मागावी. आणि मागण्यापूर्वी आपला हिशेब चोख करून ठेवावा.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा शासनास ठेविली आहे. मात्र ते निर्बंध देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठीच असावयास हवेत. हक्क मूळचा आहे आणि निर्बंधाला कारण लागते, हा क्रम ध्यानात ठेवावा. पुष्कळांची समजूत याच्या नेमकी उलट असते. पोलीस देतील तेव्हा हक्क उत्पन्न होतो, असे त्यांस वाटते.

चेन्नईपुरता पाहावयाचा कायदा घटनेहून पुष्कळ जुना आहे. मद्रास शहर पोलीस कायदा १८८८ सालचा. नाव बदलून तो आता चेन्नई शहर पोलीस कायदा झाला आहे. त्याच्या ४१ व्या कलमान्वये पोलीस आयुक्तांना सार्वजनिक जागी होणाऱ्या सभा आणि मिरवणुका यांचे नियमन करता येते, मार्ग व वेळ ठरवून देता येते, आणि शांतता वा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटल्यास लेखी हुकमाने मनाईही करता येते. परंतु अशी मनाई राज्य शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. आपल्याकडील १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमातही हीच पंधरा दिवसांची मर्यादा आहे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘जमावबंदी लागू’ हा मथळा आपण ज्या कलमामुळे वाचतो, त्याचे हे येथील भावंड म्हणावयास हरकत नाही.

हा कायदा झाला त्याच्या आदल्याच वर्षी, १८८७ च्या डिसेंबरात, काँग्रेसचे तिसरे अधिवेशन याच शहरात भरले होते आणि त्याचे स्वागताध्यक्ष तंजावरच्या मराठी समाजातील राजा सर टी. माधवराव होते. तेव्हा या शहरात चार माणसे एकत्र जमविण्याच्या कामी मराठी माणसाचा हात नवा नाही, एवढे पहिल्या पक्षाने लक्षात घ्यावे.

रस्ता कोणाचा, हा तंटा मात्र काँग्रेसहून आणि पोलीस कायद्याहूनही जुना आहे. सन १७०७ मध्ये, थॉमस पिट हा फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर असताना, येथील ‘उजव्या हाताच्या’ आणि ‘डाव्या हाताच्या’ म्हणविणाऱ्या जातिसमूहांत लग्नाच्या वरातीवरून मोठा कलह माजला. एका पक्षाची वरात दुसऱ्या पक्षाने आपली मानलेल्या रस्त्यावरून गेली, एवढेच निमित्त. अखेर पेठा वाटून देण्यात आल्या : पेद्दनायकनपेट एका पक्षाची, मुत्तियालपेट दुसऱ्याची. आज त्याच पेद्दनायकनपेटेत साहुकारपेट आहे, आणि सांगली जिल्ह्यातून आलेले आपले गलाई बांधव तेथेच सोन्याचांदीच्या भट्ट्या चालवितात. ज्या गल्ल्यांतून एके काळी परपक्षाची वरात जाऊ शकत नव्हती, त्याच गल्ल्यांच्या शेजारून पुरट्टासी महिन्यात तिरुमलैस जाणाऱ्या छत्र्यांची मिरवणूक लक्षावधी लोकांच्या साक्षीने निघते, आणि यानैक्कवुनी ओलांडताना ती पाहावयास आपली गलाई मंडळीही दारात उभी असतात.

रस्ते वाटून देणे हा तंटा मिटविण्याचा सोपा उपाय असतो, परंतु न्यायाचा नसतो. तो न्याय हळूहळू न्यायालयांनी घडविला. १८८२ साली सेलम येथे वाद्ये वाजवीत मशिदीवरून जाणाऱ्या मिरवणुकींवरून दंगे झाले. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे ‘सुंदरम् चेट्टी’ या नावाने ओळखला जाणारा खटला चालला. त्यातून निघालेले सूत्र आजही उपयोगी आहे. जीवित व वित्त यांचे रक्षण हे शासनाचे पहिले कर्तव्य. त्यासाठी प्रसंगी नागरिकाच्या हक्काला तात्पुरती मुरड घालता येते. परंतु एकाच्या कायदेशीर हक्कास दुसरा धमकी देत असेल, तर आवरावयाचे ते धमकी देणाऱ्याला.

१९२४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे औरंगाबादचा एक खटला गेला. हे औरंगाबाद आपले मराठवाड्यातले नव्हे, तर संयुक्त प्रांतातले. तेथे मोहरमच्या मिरवणुकीवरून मुसलमानांच्याच दोन पंथांत वाद होता. प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की कोणत्याही पंथाच्या लोकांस सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क आहे. मात्र इतरांच्या नित्याच्या रहदारीस त्यांनी अडथळा आणू नये, आणि रस्ता मोकळा राहावा व शांतता टिकावी म्हणून दंडाधिकारी जे कायदेशीर निर्देश देतील ते पाळावेत. हक्क, रहदारी आणि निर्देश ही तीन माणसे एका रस्त्यावरून चालावयाची, तर तिघांनीही थोडे थोडे अंग चोरावे लागते.

स्वातंत्र्यानंतरचा महत्त्वाचा निवाडा १९७२ चा. अहमदाबादेत एका नागरिकास रस्त्यावर जाहीर सभा घ्यावयाची होती, ती पोलीस आयुक्तांनी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. वाटेल त्या रस्त्यावर वाटेल तेव्हा सभा भरविण्याचा हक्क कोणास नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी वा नाकारावी याचे कोणतेही मार्गदर्शन न करता सारे काही अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविणारा नियम त्याने रद्द ठरविला. हा नियम आपल्याच मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला होता. कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर हा निवाडा टेबलावरच्या काचेखाली ठेवावा. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असणे आणि ‘नाही’ म्हणण्याचे कारण असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सरकारी नोकरांनी तर रस्त्याकडे पाहूच नये, असाही एक समज आहे. त्याचाही निकाल १९६२ सालीच लागला. बिहार सरकारच्या नोकरांनी कोणत्याही प्रकारची निदर्शने करू नयेत असा सरसकट नियम सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी अवैध ठरविला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात केंद्र सरकारच्या तशाच नियमाचीही तीच गत झाली. निदर्शने शांततेची असली तर ती बोलण्याचाच एक प्रकार होत, हे त्यामागील तत्त्व. तेव्हा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून चाललो तर वेतनवाढ थांबेल, अशी धास्ती शास्त्री भवनातल्या आमच्या मित्रांनी बाळगू नये.

आता अलीकडचे पाहू. येथे आम्ही एक खबरदारी घेतो. ज्यांची नावे येतील त्यांच्या मतांविषयी वा कोणत्याही शासनाविषयी आम्हांस काहीही म्हणावयाचे नाही. पाहावयाचा आहे तो केवळ नियम. २०२२ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने तमिळनाडूत ठिकठिकाणी संचलनाची परवानगी मागितली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एकल पीठाने परवानगी दिली, परंतु संचलन मैदान वा स्टेडियम अशा बंदिस्त आवारात व्हावे, अशी अट घातली. भिंतीआड चालावयाची ती मिरवणूक कसली? फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडपीठाने ती अट काढून टाकली आणि ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाचे अपील फेटाळले.

याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवू, म्हणजे तराजू एकीकडे कलणार नाही. मरीना किनारा म्हणजे या शहराचे जुने सभागृह. ट्रिप्लिकेनपाशी जेथे राष्ट्रीय चळवळीच्या सभा होत, त्या जागेला लोकांनी लोकमान्यांच्या नावाने ‘तिलक घाट’ म्हटले. १९१९ च्या मार्चमध्ये गांधीजींनीही या किनाऱ्यावर सत्याग्रहाची सभा घेतली. जानेवारी २०१७ मध्ये जल्लीकट्टूसाठी तरुणांचा अफाट जमाव येथेच आठवडाभर ठाण मांडून होता. त्यानंतर मात्र मरीनावर आंदोलनास परवानगी मिळेनाशी झाली. २०१८ साली एका शेतकरी नेत्याने तेथे दीर्घ उपोषणाची परवानगी मागितली. एकल न्यायाधीशांनी एका दिवसाची दिली. परंतु खंडपीठाने सप्टेंबर २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. किनारा फिरावयास येणाऱ्या सर्वांसाठी आहे आणि आंदोलनासाठी शहरात अन्य जागा नेमून दिलेल्या आहेत, हे शासनाचे म्हणणे मान्य झाले. तिलक घाटाच्या शहरात असे व्हावे, याची खंत आम्हां मराठी माणसांस वाटणे साहजिक आहे. परंतु संध्याकाळी नातवंडांचा हात धरून वाळूत चालणाऱ्या आजोबांचाही तो किनारा आहे, हे विसरून कसे चालेल?

येथवर आम्ही दुसऱ्या पक्षाला आवडेल असे पुष्कळ बोललो. आता त्यांना न आवडणारे सांगतो. परवानगीचा नियम केवळ राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आहे, ही समजूत गर्दीत गेलेल्या माणसांच्या स्मृतीपुढे टिकत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्यू पावले. त्यांत बायका-मुले फार होती. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या मरीनावर वायुदलाच्या कसरती पाहावयास लक्षावधी लोक लोटले. ती ना सभा होती ना मोर्चा. तरीही ऊन आणि गर्दी यांनी पाच जणांचा बळी घेतला. आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी करूर येथे एका राजकीय पक्षाच्या प्रचारसभेत ४१ जण प्राणास मुकले. नेत्याच्या वाटेकडे डोळे लावून लोक तासन्‌तास तेथे ताटकळले होते. त्यानंतर उच्च न्यायालयाने निर्देश दिले आणि अशा सभांसाठी आदर्श कार्यपद्धती ठरविण्याचे काम राज्य शासनाला हाती घ्यावे लागले.

या तिन्ही घटनांची कारणे निरनिराळी आहेत आणि दोषाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण माणसे किती येतील, ती किती वेळ थांबतील, पाणी कोठे मिळेल आणि परत कोणत्या वाटेने जातील, या चार प्रश्नांची उत्तरे अगोदर कोणी तरी मांडावी लागतात. परवानगीचा अर्ज म्हणजे हेच चार प्रश्न. त्यावर पोलिसांचा शिक्का पडतो म्हणून तो पोलिसांचा कागद वाटतो. वस्तुतः तो आपण आपल्याच माणसांविषयी लिहून दिलेला हवाला असतो.

तेव्हा आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. अर्ज कार्यक्रमाच्या किमान पाच दिवस आधी द्यावा, हा या शहरातला जुना दंडक. करूरनंतर नियमांची फेरमांडणी हाती घेतली गेल्यामुळे ठाण्यात जाऊन आधी विचारून घ्यावे हे उत्तम. आमच्या मते तर महिनाभर आधीच जावे. अर्ज तमिळमध्ये लिहावा. पन्नास वर्षे ज्यांच्या शेजारी राहिलो त्यांच्या भाषेत दोन पाने लिहिता येत नसतील, तर शोभायात्रा काढून आपण कोणाला काय दाखविणार? अर्जात निघण्याची जागा, मार्ग, विसर्जनाची जागा, वेळ, माणसांची खरी संख्या, वाहने, ध्वनिक्षेपक आणि जबाबदार कार्यकर्त्यांची नावे असावीत. आकडा फुगवू नये आणि लपवूही नये. वर्तमानपत्राला पाच हजार आणि पोलिसांना पाचशे, ही आपल्याकडची रीत येथे सोडून द्यावी.

रस्त्यावर मंडप वा कमान घालावयाची असेल तर महापालिकेकडे, दिव्यांची जोडणी घ्यावयाची असेल तर वीज मंडळाकडे वेगळा अर्ज लागतो. ध्वनिक्षेपकाचे नियम साऱ्या देशाला सारखेच आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद; सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते; आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा टापू शांतता क्षेत्र ठरू शकतो. आपला पाडवा येतो तो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमका तमिळनाडूच्या दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात. ज्या घरात मूल पाठांतर करीत बसले आहे त्या घराखाली ढोल बडवून आपण महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल करणार नाही. त्या गल्लीत ढोल थांबवावा, टाळ वाजवावा. आणि नऊवारी नेसून मोटारसायकलवर निघणाऱ्या आमच्या भगिनींनी हेल्मेट फेट्यावर घालावे की फेटा हेल्मेटवर, याचा निर्णय आधीच करून ठेवावा. वाहतूक पोलीस त्या बाबतीत रसिक नसतात.

मैलापूरला पंगुनीच्या उत्सवात कपालीश्वराच्या त्रेसष्ट नायन्मारांची मिरवणूक आपण पाहतोच. भर उन्हात चार माड वीथ्या माणसांनी तुडुंब भरतात, आणि घरोघरचे, दुकानादुकानांचे लोक वाटसरूंना ताक-पाणी देत उभे असतात. ते पाणी कोणत्याही परवान्याच्या अटीत लिहिलेले नसते. अर्जात जे मावत नाही ते हेच, आणि आपण येथे राहून शिकावयाचे तेही हेच.

यावरून कोणी समजू नये की शिस्त आपण दुसऱ्यांकडून उसनी आणावयाची आहे. आपली वारी पाहा. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते तेव्हा रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे इतर दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही घडी आजही मोडलेली नाही. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो, आणि तेव्हाच ते टाळ शांत होतात.

बंधुभगिनींनो, मिरवणूक आणि परवानगी यांच्याविषयी घटनापीठांनी जे शेकडो पाने लिहून सांगितले, ते या एका रिवाजात आहे, असे आम्हांस वाटते. दंड उंचावला की थांबावे, हे दिंडीचे कर्तव्य. टाळ वाजत राहिले तर तिकडे जाऊन ऐकावे, हे चोपदाराचे. चोपदाराने ऐकले नाही तर तो दंड नुसती काठी ठरतो. दिंडीने थांबावयाचे नाकारले तर पालखी पंढरपुरास पोहोचत नाही.

म्हणून कार्यकारिणीस आमची सूचना अशी. पहिल्या पक्षाने भीती सोडावी, दुसऱ्याने तोरा सोडावा, आणि दोघांनी मिळून अर्ज लिहावा. संख्या तीनशेच असो, मार्ग अर्ध्या कोसाचाच असो, वेळ सकाळी सात ते नऊची असो. परवानगी मिळाली तर घातलेली प्रत्येक अट पाळावी. नाकारली गेली तर कारण लेखी मागावे. कारण पटले तर मार्ग वा वेळ बदलून पुन्हा अर्ज करावा. न पटले तर ह्याच शहरात, सेलमच्या मिरवणुकीचे गाऱ्हाणे ज्याने १८८३ साली ऐकले ते उच्च न्यायालय आहे. आणि अखेर सभागृहातच गुढी उभारावी लागली, तरी ती हक्क न मागताच सोडून देणाऱ्यांची गुढी नसेल, एवढे समाधान आपल्या पदरी राहील.

अर्जाचा तमिळ मसुदा तयार करावयास आम्ही येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या कचेरीत बसणार आहोत. ज्यांना तमिळ चांगले लिहिता येते त्यांनी कृपा करून यावे.